नकारही नाही, नेमणूकही नाही

दिल्ली उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तिपदासाठी वकील श्री. सौरभ किरपाल यांच्या नावाची शिफारस त्या न्यायालयाच्या न्यायवृंदाने १३ ऑक्टोबर २०१७ रोजी एकमताने केली. सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायवृंदाने ती ११ नोव्हेंबर २०२१ रोजी मान्य केली. केंद्र सरकारने २५ नोव्हेंबर २०२२ रोजी ती फेरविचारार्थ परत धाडली, आणि १८ जानेवारी २०२३ रोजी न्यायवृंदाने तीच शिफारस, सविस्तर कारणे देऊन, पुन्हा केली. त्यानंतर २०२३ साल सरले, २०२४ सालही सरले. परंतु नेमणुकीची अधिसूचना काही निघाली नाही. सरकारने नकार दिला असे नाही आणि होकार दिला असेही नाही. श्री. किरपाल यांची नेमणूक होणे न्याय्य आहे, आवश्यक आहे, आणि तिच्या खोळंब्याने केवळ एका वकिलाचे नुकसान होत नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे.

आक्षेप कशाला नाही, हे प्रथम पाहिले पाहिजे. श्री. किरपाल यांच्या विद्वत्तेविषयी कोणी शंका घेतलेली नाही. ऑक्सफर्ड व केंब्रिज येथे त्यांनी कायद्याचे अध्ययन केले, अनेक वर्षे दिल्लीत वकिली केली आणि २०२१ साली दिल्ली उच्च न्यायालयाने त्यांना ज्येष्ठ वकिलाचा दर्जा दिला. त्यांच्या सचोटीवर वा वर्तनावर कोणी बोट ठेवलेले नाही. मग अडले कोठे? न्यायवृंदाने जानेवारी २०२३ मध्ये सरकारचे आक्षेप प्रथेबाहेर जाऊन प्रसिद्ध केले, म्हणून ते नागरिकांना कळले. पहिला आक्षेप असा की, त्यांचा जोडीदार स्वित्झर्लंडचा नागरिक आहे. दुसरा असा की, ते समलिंगी आहेत व ते उघडपणे सांगतात. रॉ या गुप्तचर यंत्रणेची २०१९ व २०२१ मधील पत्रे या दोन मुद्द्यांवर होती. कायदामंत्र्यांच्या १ एप्रिल २०२१ च्या पत्रात आणखी एक भर होती: समलिंगी व्यक्तींच्या हक्कांविषयी त्यांना असलेली तळमळ पाहता ते पक्षपात करणार नाहीत, याची शाश्वती देता येत नाही.

परदेशी जोडीदाराचा बागुलबुवा

पहिल्या आक्षेपाला फार वेळ देण्याचे कारण नाही. राष्ट्रपती के. आर. नारायणन् यांच्या पत्नी जन्माने ब्रह्मदेशीय होत्या; परराष्ट्रमंत्री जयशंकर यांच्या पत्नी मूळच्या जपानी. या देशाचे सर्वोच्च पद आणि परराष्ट्रव्यवहाराच्या किल्ल्या ज्यांच्या हाती देताना कोणाला धोका वाटला नाही, त्यांच्या बाबतीतला दिलदारपणा एका उच्च न्यायालयाच्या दाराशीच का आटावा? स्वित्झर्लंड हे काही शत्रुराष्ट्र नव्हे. न्यायमूर्तीची पात्रता सांगणाऱ्या राज्यघटनेच्या २१७ व्या अनुच्छेदात भारतीय नागरिकत्व आहे, न्यायदानाचा वा वकिलीचा दहा वर्षांचा अनुभव आहे. जोडीदाराच्या पारपत्राचा उल्लेख नाही.

उघडपणाची शिक्षा

खरे दुखणे दुसऱ्या आक्षेपात आहे. ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दंडविधानाच्या ३७७ व्या कलमातील प्रौढांच्या संमतीच्या समलिंगी संबंधांना गुन्हा ठरविणारा भाग रद्द केला. त्या खटल्यात अर्जदारांच्या वतीने उभ्या राहिलेल्या वकिलांत श्री. किरपाल हेही होते. अशा विवाहाला कायद्याची मान्यता देण्यास सर्वोच्च न्यायालयाने १७ ऑक्टोबर २०२३ रोजी नकार दिला, हे खरे. परंतु ज्याला कायद्याची मान्यता नाही ते आणि जे कायद्याने निषिद्ध आहे ते, यांत महदंतर आहे. न्यायमूर्ती होण्यास विवाहित असण्याची अट कोणत्याही कायद्यात नाही.

आता वाचकांनी एकच प्रश्न स्वतःला विचारावा. श्री. किरपाल यांनी आपले जीवन झाकून ठेवले असते, तर हा आक्षेप निघाला असता काय? उघड आहे की, निघाला नसता. म्हणजे आक्षेप त्यांच्या असण्यापेक्षा त्यांच्या सांगण्यावर अधिक आहे. ज्याने शाळेत वर्ग सांभाळला आहे, त्याला हे लगेच उमगेल. खरे सांगणाऱ्या मुलाला बाकावर उभे केले आणि लपविणाऱ्याला सोडून दिले, तर त्या दिवशी सारा वर्ग एकच धडा शिकतो, आणि तो पाठ्यपुस्तकातला नसतो. शिवाय ज्याचे गुपित असते, त्यालाच कोणी धाक दाखवू शकतो. ज्याने सर्व काही जगासमक्ष मांडले, त्याला कोण आणि कशाने भिवविणार? सुरक्षेच्या दृष्टीनेच विचार केला, तरी उघडपणा हा दोष नसून गुणच ठरतो.

राहिला तळमळीचा प्रश्न. ज्याला कशाची तळमळ आहे तो निःपक्षपाती असू शकत नाही, हा सिद्धान्त मान्य केला, तर मुंबई उच्च न्यायालयाच्या इतिहासातील दोन तेजस्वी नावे आपणांस पुसून टाकावी लागतील. काशिनाथ त्र्यंबक तेलंग काँग्रेसच्या संस्थापकांपैकी एक. ते १८८९ साली न्यायमूर्ती झाले. त्यांच्या निधनानंतर १८९३ मध्ये महादेव गोविंद रानडे त्या आसनावर बसले. विधवाविवाहाचा पुरस्कार, सार्वजनिक सभा, सामाजिक परिषद यांत रानड्यांनी आयुष्य वेचले होते. परकी सरकारची संशयी दृष्टीही त्यांनी सोसली होती. तरीही त्या सरकारने त्यांना न्यायासन दिले आणि रानड्यांनी मृत्यूपर्यंत ते भूषविले. मत असणे वेगळे आणि मतापायी पुराव्याकडे डोळेझाक करणे वेगळे, हा विवेक परक्यांना साधला. तो स्वकीयांना साधू नये काय? एखाद्या खटल्यात न्यायमूर्तीचा खरोखर हितसंबंध गुंतला, तर त्या खटल्यातून बाजूला होण्याची रीत सर्वांना उपलब्ध आहेच.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. न्यायवृंदाची पद्धत निर्दोष आहे, असे आम्ही म्हणत नाही. तिचे कामकाज बंद दाराआड चालते. श्री. किरपाल यांचे वडील भूपिंदरनाथ किरपाल हे २००२ साली देशाचे सरन्यायाधीश होते. न्यायाधीशांच्या घरांतूनच न्यायाधीश निघतात, ही तक्रार निराधार नाही. शिवाय २०१७ ते २०२१ ही चार वर्षे शिफारस सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायवृंदातच निर्णयावाचून पडून होती. तो दोष सरकारचा नव्हे. परंतु सरकारने या कारणांवर आक्षेप घेतलेलाच नाही. जे कारण दिलेच नाही, त्याच्या आडोशाला नंतर उभे राहता येत नाही.

मौनाचा नकाराधिकार

सर्वोच्च न्यायालयाच्या १९९३ च्या निकालानुसार सरकारला शिफारस एकदा परत पाठविता येते. न्यायवृंदाने ती एकमताने पुन्हा केली की सरकारवर बंधनकारक होते. सरन्यायाधीश शरद बोबडे यांच्या पीठाने २० एप्रिल २०२१ रोजी त्यापुढे मुदतही घातली: अशी नेमणूक तीन ते चार आठवड्यांत व्हावी. नियम असा निःसंदिग्ध असता त्याला बगल देण्याचा एकच मार्ग उरतो, तो म्हणजे काहीच न करणे. नकार दिला तर कारण द्यावे लागते, कारण दिले तर ते तपासले जाते. मौनाला मात्र अपील नाही.

मुंबईचे उदाहरण ताजे आहे. समाजमाध्यमांवर मते मांडल्याचा आक्षेप घेऊन श्री. सोमशेखर सुंदरेसन यांचे नावही सरकारने परत पाठविले होते. सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या न्यायवृंदाने किरपाल यांच्याबरोबरच त्यांचीही शिफारस जानेवारी २०२३ मध्ये पुन्हा केली. नोव्हेंबर २०२३ मध्ये, चार आठवड्यांऐवजी दहा महिन्यांनी का होईना, ते मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झाले. सरकारला मनात आणले तर आक्षेप गिळता येतो, हे यावरून सिद्ध होते. उलट कर्नाटकात श्री. आदित्य सोंधी यांनी शिफारस पुन्हा होऊनही नेमणूक न झाल्याने २०२२ साली आपली संमतीच मागे घेतली. चालती वकिली सोडून न्यायासनाकडे वळू पाहणारा कर्तबगार माणूस किती काळ उंबरठ्यावर ताटकळत उभा राहील? तो परतला, तर तोटा पक्षकारांचा आहे, तुमचा-आमचा आहे.

आमची मागणी साधी आहे. सरकारने श्री. किरपाल यांच्या नेमणुकीची अधिसूचना काढावी. त्यांच्या पात्रतेविरुद्ध काही नवे व सबळ असेल, तर ते न्यायवृंदापुढे लेखी ठेवावे आणि देशाला सांगावे. तसे काही नसेल, तर जे नाव न्यायाधीशांनी दोनदा पारखून घेतले, ते फायलीत कोंडून ठेवण्याचा अधिकार घटनेने कोणालाही दिलेला नाही. न्यायालयात प्रत्येक आरोपीला आपल्यावरील आरोप आणि त्याचा निकाल ऐकण्याचा हक्क असतो. ज्याने काही गुन्हा केलेला नाही, अशा नागरिकाला तो हक्क सरकारने नाकारू नये.