पाणी प्या, पण जायचे कुठे?



वैशाख जवळ आला की अमळनेरात दोन तयाऱ्या सुरू होतात. बोरी नदीच्या पात्रात सखाराम महाराजांच्या यात्रेची आणि घरोघरी बिबडे, पापड, शेवयांची. यात्रेला गावोगावच्या बाया उन्हातून येतात. गच्चीवर भर उन्हात पापड घालतात त्याही बायाच. शेतात पऱ्हाट्या वेचणे, लग्नाघरचा स्वयंपाक, पाण्याचे हंडे, सगळे याच दिवसांत. जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांपुढे जाणे आपल्याला नवे नाही. पण ऊन सगळ्यांना सारखे लागत नाही, हे आपण फारसे बोललेलो नाही.

मागच्या उन्हाळ्यात एका वस्तीतल्या बैठकीत मी नेहमीची यादी वाचली. दुपारी १२ ते ४ बाहेर पडू नका, तहान नसली तरी पाणी प्या, सुती कपडे घाला. एक मावशी शांतपणे म्हणाल्या, “ताई, पानी पिसूत, पन जासूत कथा?” जायचे कुठे? शेतात आडोसा नाही, बांधकामावर संडास नाही. म्हणून बाई सकाळपासून घोटभरच पाणी पिते. त्यातून लघवीची जळजळ, चक्कर आणि शेवटी ऊन लागणे. समाजकार्याची पदवी घेताना मी ‘आरोग्य-जागृती’ शिकले होते. त्या दिवशी जागृती माझी झाली.

त्याच मे महिन्यात एका कामावर एक बाई कोसळली. अंग तापलेले, बोलणे असंबद्ध. भोवती माणसे होती, पण बाईच्या अंगाला हात कोण लावणार? कुणी पदर नीट केला, कुणी वरून चादर घातली. लाजेपोटी आपण तिचे अंग आणखी तापवत होतो. ती वाचली, पण ती चादर माझ्या डोळ्यांपुढून जात नाही.

म्हणून प्रत्येक गटात हे पाठ असू द्या. ताप फार, बडबड किंवा शुद्ध हरपणे ही उष्माघाताची खूण. घाम येत असला तरीही. १०८ ला फोन करा, पण गाडीची वाट पाहत बसू नका. बाईला सावलीत न्या, कपडे सैल करा, सर्वांगावर पाणी ओता आणि वारा घाला. मान, काखा, जांघा यांवर गार फडकी ठेवा. आडोसा हवा तर चार जणींनी लुगडे धरून उभे राहा. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नका. तापाच्या गोळीने हा ताप उतरत नाही. नुसता थकवा, घाम, पेटके असतील आणि बाई शुद्धीत असेल तर लिटरभर पाण्यात सहा सपाट चमचे साखर व अर्धा चमचा मीठ घालून घोट घोट द्या. खिशात कांदा ठेवून ऊन लागायचे थांबत नाही. लुगड्याला खिसा नाही, याचे वाईट वाटून घेऊ नका.

रात्रीचेही बोलू. दिवसभर तापलेल्या शरीराला रात्री गारवा लागतो. पुरुष ओट्यावर, गच्चीवर झोपतात. तरण्या मुली आणि सुना तापलेल्या पत्र्याखाली, दार लावून. गरोदर बाईला तर हे अधिकच धोक्याचे, कारण उष्णतेने दिवस भरण्याआधी बाळंत होण्याची शक्यता वाढते. घरातली हवेशीर जागा कुणाची, हा प्रश्न घरातच विचारावा लागेल.

१६ एप्रिल २०२३ रोजी खारघरला महाराष्ट्र भूषण पुरस्काराच्या सोहळ्यात लाखो माणसे उघड्या मैदानात उन्हात बसली होती. १४ जण दगावले, त्यांत बायका जास्त होत्या. लाखोंचा मेळावा भरवताना डोक्यावर सावली हवी, एवढी साधी गोष्ट १४ जीव गेल्यावर चर्चेला आली.

मागण्या काही अवाजवी नाहीत. कामाच्या जागी पिण्याचे पाणी, सावली आणि प्रथमोपचार या सोयी २००५ च्या रोजगार हमी कायद्यात लिहिलेल्या होत्या. कागदावरून त्या कामावर किती पोचल्या, हे आपल्याला ठाऊक आहे. शेजारच्या गुजरातेत मे २०१० च्या उष्णतेच्या लाटेनंतर अहमदाबादने २०१३ साली उष्णतेशी सामना करण्याचा आराखडा केला. ‘सेवा’ संघटनेने आपल्या कष्टकरी सभासद बायांसाठी उष्णतेचा विमा सुरू केला. तापमान ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेले की बुडालेल्या रोजाची काही भरपाई मिळते. ‘दुपारी बाहेर पडू नका’ या सल्ल्याला तेव्हाच अर्थ येतो.

या उन्हाळ्यात आपापल्या गावी तीन गोष्टी मागू या. कामाच्या आणि यात्रेच्या जागी बायांसाठी संडास, पाणी व सावली. मजुरी न कापता दुपारची सुट्टी आणि पहाटेचे काम. उन्हाने गेलेल्या बाईची नोंद ‘चक्कर येऊन’ अशी न होता खऱ्या कारणाने व्हावी, हा आग्रह. नोंदच नसेल तर मागणीही उभी राहत नाही.

तुमच्या गावात काय घडले, ते जरूर लिहा. पुढच्या अंकात छापू. आणि मावशींच्या प्रश्नाचे उत्तर मिळाले असेल, तर ते सर्वांत आधी कळवा.