वस्तीकेंद्र : सेवा आणि संघर्ष यांचा दुवा

‘सेटलमेंट’ हा शब्द उच्चारताच मराठी माणसाला सोलापूरचे तारेचे कुंपण आठवते. 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याने ज्यांना जन्मतःच गुन्हेगार ठरविले, त्यांना त्या कुंपणाआड डांबण्यात आले. 1952 साली तो कायदा देशभरातून गेला. शब्दाला चिकटलेला कलंक मात्र गेला नाही. पश्चिमेकडील औद्योगिक शहरांत याच शब्दाला अगदी वेगळा अर्थ लाभला होता. तेथे सुशिक्षित माणसे आपण होऊन गरिबांच्या वस्तीत बिऱ्हाड करून राहिली. लंडनचा टॉयन्बी हॉल 1884 चा, तर जेन ॲडम्स व एलन गेट्स स्टार यांनी शिकागोतील स्थलांतरितांच्या वस्तीत उभारलेले हल हाऊस 1889 चे.

हल हाऊसची थोरवी केवळ त्याच्या बालवर्गांत व रात्रवर्गांत नाही. तेथे राहणाऱ्या फ्लॉरेन्स केली यांनी शिवणकाम करणाऱ्या कुटुंबांची घरोघर जाऊन पाहणी केली. अशा पाहण्या व कामगार स्त्रियांचे आंदोलन यांतून 1893 साली इलिनॉय राज्याचा कारखाना कायदा झाला आणि 14 वर्षांखालील मुलांना कारखान्यात कामास बंदी आली. स्त्रियांच्या आठ तासांच्या दिवसाचे कलम न्यायालयाने 1895 साली रद्द केले. पण मागणी मेली नाही. सेवेचे रूपांतर माहितीत, माहितीचे मागणीत आणि मागणीचे कायद्यात, हा त्या प्रयोगाचा खरा धडा होय.

महाराष्ट्राला हा धडा परका नाही. ना. म. जोशी यांनी 1911 साली मुंबईत सोशल सर्व्हिस लीग स्थापन केली. कोकणातून व देशावरून आलेल्या गिरणी कामगारांसाठी रात्रशाळा व वाचनालये चालविताना एकट्या सेवेची मर्यादा त्यांना उमगली. 1920 साली आयटकच्या उभारणीत ते अग्रभागी होते, आणि कामगार संघटनांना संरक्षण देण्याचा ठराव त्यांनीच 1921 साली मध्यवर्ती कायदेमंडळात मांडला. त्याची परिणती 1926 च्या कायद्यात झाली. नागपाड्यात क्लिफर्ड मॅन्शार्ट यांनी चालविलेल्या नेबरहूड हाऊसच्या अनुभवातून 1936 साली समाजकार्याचे विद्यालय उभे राहिले. तीच आजची टाटा समाजविज्ञान संस्था. पुण्यात बाबा आढावांच्या हमाल पंचायतीने लढाऊ संघटनेबरोबर ‘कष्टाची भाकर’ही चालविली. एका हाताने भाकर देताना दुसऱ्या हातातील झेंडा खाली ठेवावा लागत नाही, हे तिने दाखवून दिले.

आता नांदेड-लातूरकडे पाहावे. मराठवाड्यातील भूमिहीन या शहरांत केवळ दुष्काळामुळे आला, असे म्हणणे अर्धसत्य आहे. 1972 चा दुष्काळ आणि 1993 चा किल्लारीचा भूकंप ही कारणे खरीच. परंतु 1978 साली विद्यापीठाच्या नामांतराला विरोध म्हणून नांदेड जिल्ह्यात दलित वस्त्या जाळल्या गेल्या, हेही विसरता येत नाही. गाव सोडण्यामागे पाण्याची टंचाई असते, तशी जातीची दहशतही असते. आणि शहरात तरी काय मिळते? नांदेडच्या उस्मानशाही गिरणीची चाके केव्हाच थांबली. लातूरचा आडत बाजार व डाळमिला हमालाच्या पाठीवर चालतात. पण एप्रिल 2016 मध्ये त्या शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तेव्हा नळजोडणी नसलेल्या झोपडीची गणती शेवटी झाली. शिकवणीसाठी पैसे मोजून येणाऱ्या विद्यार्थ्याला लातुरात खोली मिळते. त्याची भांडी घासणाऱ्या बाईचे मूल मात्र गाव सुटताना शाळेलाही मुकते.

कायदे नाहीत असे नाही. बांधकाम मजुराच्या कल्याणासाठी बांधकाम खर्चावर उपकर आकारला जातो. पण नोंदणीसाठी वर्षात 90 दिवस काम केल्याचा दाखला हवा. रोज पहाटे अड्ड्यावर उभे राहून नव्या गुत्तेदारामागे जाणाऱ्याला तो दाखला कोण देणार? गावच्या शिधापत्रिकेवर शहरात धान्य मिळण्याची सोय आहे. दुकानदाराने नकार दिल्यावर त्याच्याशी भांडायला कोण जाणार? हक्क कागदावर असतो, तो वस्तीपर्यंत चालत येत नाही.

येथेच पक्षकार्यकर्त्याचे काम सुरू होते. ‘समाजसेवेने क्रांतीची धार बोथट होते,’ हा आक्षेप जुना आहे आणि निराधारही नाही. वरून उतरणाऱ्या उपकाराने माणूस मिंधा होतो. पण त्यावरचा उपाय वस्तीकडे पाठ फिरविणे हा नव्हे. केंद्राची सूत्रे वस्तीच्याच, विशेषतः दलित व कष्टकरी स्त्रियांच्या हाती देणे हा आहे. डॉ. लोहियांनी जेल आणि मत यांच्या जोडीला फावडे सांगितले, ते शोभेसाठी नव्हे.

म्हणून नांदेड व लातूर येथे प्रत्येकी एका वस्तीपासून प्रारंभ व्हावा. भाड्याची एक खोली, तेथेच राहणारे दोन कार्यकर्ते, दिवसा पाळणाघर, रात्री वर्ग आणि एक वही. त्या वहीत कोणी किती दिवस काम केले, कोणत्या गुत्तेदाराने मजुरी बुडविली, कोणाला धान्य नाकारले, कोणते मूल शाळेबाहेर आहे याची तारीखवार नोंद असावी. ती वही घेऊन वस्ती स्वतः महापालिकेच्या व कामगार कार्यालयाच्या दारी जाईल, तेव्हा तिची विनंती ही मागणी झालेली असेल. निवडणुकीच्या आधी पंधरा दिवस वस्तीत दिसणाऱ्या पक्षाला मते मागता येतात. विश्वास मागता येत नाही. तो वस्तीत राहूनच मिळवावा लागतो.