'तुम्ही फक्त गा' म्हणणाऱ्यांसाठी

गायकाने गावं, राजकारण पुढाऱ्यांवर सोडावं, असं कुणी म्हणालं की मी एवढंच विचारतो: हे तुम्हाला कधीपासून वाटायला लागलं? उत्तर कुणी देत नाही, पण ते मला ठाऊक असतं. गायकाने त्यांच्या लाडक्या पुढाऱ्याच्या शेपटीवर पाय दिला, त्या दिवसापासून.

नील यंगचंच बघा. साठी गाठलेल्या या माणसाने 2006 साली अवघ्या काही दिवसांत 'लिव्हिंग विथ वॉर' ध्वनिमुद्रित केला. इराक युद्धावर संतापून केलेला अल्बम. करकरणारी गिटार, एक ट्रम्पेट आणि मागे 100 गळ्यांचा कोरस. एका गाण्याचं नावच 'लेट्स इम्पीच द प्रेसिडेंट'. त्यात मध्येच बुश यांच्या भाषणांचे तुकडे येतात, एकाने दुसऱ्याला खोटं पाडणारे, आणि कोरस त्यांच्या कोलांटउड्यांची टर उडवतो. झालं! निम्म्यांनी त्याला देशद्रोही ठरवलं, निम्म्यांनी डोक्यावर घेतलं. कॅनडात जन्मलेल्याने आमच्या राष्ट्राध्यक्षांवर बोलायचं काय कारण, हाही सूर निघाला. हा कॅनडावाला 1966 पासून कॅलिफोर्नियात राहत होता. त्याने 1980च्या दशकात रेगन यांची जाहीर तरफदारी केली, तेव्हा या मंडळींना त्याचा पासपोर्ट आठवला नाही. अपहरणकर्त्यांवर चालून गेलेल्या विमानप्रवाशांवर त्याने 2001 मध्ये 'लेट्स रोल' केलं, तेव्हाही 'तू फक्त गा' असं यांच्यापैकी कुणी म्हणाल्याचं माझ्या तरी कानावर नाही.

अल्बमपाठोपाठ क्रॉस्बी, स्टिल्स आणि नॅश यांच्यासोबत तो दौऱ्यावर निघाला. दौऱ्याचं नाव 'फ्रीडम ऑफ स्पीच', म्हणजे आडपडदा काहीच नाही. अटलांटाच्या मैफलीत काय घडलं ते 2008च्या 'सीएसएनवाय/देजा व्हू' या माहितीपटात आहे, जरूर बघा. 'इम्पीच' सुरू होतं आणि माणसं ताडकन उठतात. हुर्यो, मधलं बोट, तणतणत दाराकडे. काहीजण तर आपल्याला फसवलं गेल्यासारखे कॅमेऱ्यासमोर फणफणतात. अहो, फसवलं कुणी? 4 मे 1970 रोजी ओहायोतल्या केंट स्टेट विद्यापीठात नॅशनल गार्डने गोळ्या घालून 4 विद्यार्थी मारले, आणि काही आठवड्यांत याच चौघा गायकांचं त्यावरचं 'ओहायो' हे गाणं बाजारात आलं होतं. यांच्या मैफलीचं तिकीट काढायचं आणि राजकारण नको म्हणायचं, म्हणजे मटणाच्या खानावळीत बसून ताटात हाडूक आलं म्हणून बोंब मारायची!

आता दुसऱ्या टोळीकडे वळू. ती मला जास्त छळते, कारण ती माझ्याच बाजूची आहे. बुश यांना चार शब्द सुनावले एवढ्यावर यांनी अख्खा अल्बम थोर ठरवला. तसा तो नाही. घाईत केलाय आणि ती घाई ऐकू येते. 'इम्पीच' हे तर त्यातलं सगळ्यांत कच्चं गाणं. ते आरोपपत्र आहे; कलमामागून कलम, चालही जेमतेम. नेत्याचं नाव घेतल्याने गाणं पडतं असंही नाही, 'ओहायो'त निक्सन यांचं नाव आहेच. पण 'ओहायो' त्या मेलेल्या पोरांपासून हलत नाही. ऐकणाऱ्यालाही तिथून हलू देत नाही. 'इम्पीच'मध्ये माणूसच नाही, नुसते मुद्दे आहेत. उलट याच अल्बममधलं 'रॉजर अँड आउट' ऐका: युद्धात गेलेल्या दोस्ताला दिलेला संथ, दमलेला निरोप. त्यावर दोन्ही बाजूंचे भांडणारे एक अक्षर काढत नाहीत. साहजिक आहे. भांडायला ते गैरसोयीचं आहे.

गाणं ऐकायचंच नाही, ते आपल्या गोटातलं आहे का तेवढं तपासायचं, हा रोग दोघांनाही सारखाच जडलाय. त्याचा कळस 2015 मध्ये झाला. ट्रम्प यांनी उमेदवारी जाहीर केली आणि कार्यक्रमात वाजलं काय, तर नील यंगचं 1989चं 'रॉकिन इन द फ्री वर्ल्ड'! धृपद दणदणीत आहे, मुठी वळायला सोयीचं. मधल्या कडव्यांत काय आहे? व्यसनात बुडालेली बाई, तिने टाकून दिलेलं तान्हं मूल, आणि थोरल्या बुश यांच्या निवडणुकीतल्या गोड आश्वासनांना मारलेली चपराक. एवढं सगळं समोर असताना ते गौरवगीत वाटायला कान बंद करूनच बसावं लागतं.

तेव्हा अल्बमला शिव्या जरूर घाला, मीही घातल्या. पण आधी ऐका. आणि ज्यांना म्हातारा राजकारण सोडून जुनी गोड गाणी गाईल अशी अजून आशा आहे, त्यांनी खुशाल 1972चा 'हार्वेस्ट' लावून बसावं. 'हार्ट ऑफ गोल्ड' त्यातच आहे. मात्र दक्षिणेतल्या गोऱ्यांच्या वर्णद्वेषावर कोरडे ओढणारं 'अलाबामा'ही त्याच तबकडीवर आहे.