लाकडाचे दाम आणि हाताची मजुरी

‘‘लाकडाचे किती होतील ते सांगा फादर, मजुरीचे मागाहून पाहता येईल.’’

धर्मग्रामाच्या बैठकीत एका सद्‌गृहस्थांनी हे वाक्य उच्चारले, आणि उपस्थितांपैकी कोणालाही त्यात वावगे वाटले नाही. आम्हालाही वाटले नाही. आज आम्ही लेखणी उचलली आहे ती त्याच वाक्याशी भांडण्यासाठी. हे भांडण घरच्यांशी आहे आणि घरच्यांमध्ये आम्हीही आलो, हे वाचकांनी आरंभीच ध्यानी घ्यावे.

प्रसंग साधाच होता. चाळीस वर्षे मुलांना धर्मशिक्षण देणाऱ्या एका बाई निवृत्त होत होत्या. त्यांचे गुडघे आणि पाठ दोन्ही थकले होते. त्यांना झुलती खुर्ची भेट द्यावी अशी सूचना पुढे आली. राष्ट्राध्यक्ष केनेडी यांनाही पाठदुखीसाठी डॉ. जॅनेट ट्रॅव्हेल यांनी अशीच खुर्ची सुचवली होती, ही आमची माहिती त्या वेळी सर्वांना पटली. लगेच चारपाच तरुणांनी मोबाइलवरील चित्रे दाखविण्यास प्रारंभ केला. चित्रे देखणी होती. खुर्चीच्या पाठीवर लाकडाच्या लहरी, भोवरे, ज्वाळांसारख्या रेषा दिसत होत्या. चौकशीअंती कळले ते असे, की लाकडाचा भुसा चिकद्रव्यात मळून थापलेला तो तक्ता आणि रेषा म्हणजे त्यावर चिकटविलेला छापील कागद! लाकडाच्या चुऱ्यावर लाकडाचे चित्र डकवून ते लाकूड म्हणून विकणाऱ्या या युगाच्या धिटाईला तोड नाही.

आम्ही विरोध केला. त्याच सुमारास गावातील एक जुना वाडा उतरविला जात होता. कारंजा लाड हे एके काळी मोठे व्यापारी गाव. वेशी, हवेल्या, सागवानी खांबांचे वाडे, दत्तसंप्रदायाचे गुरुमंदिर आणि जैनांची तीन जुनी मंदिरे अशी त्याची ख्याती. त्यांतील काष्ठासंघाच्या मंदिरातील लाकडावरचे कोरीवकाम आम्ही पहिल्यांदा पाहिले तेव्हा बराच वेळ तेथून पाय निघाला नाही. काष्ठासंघ हे नाव ऐकून कोणासही लाकूडच आठवावे. अभ्यासक मात्र ते एका गावाच्या नावावरून आले असे मानतात. ते काही असो. ज्यांनी ते काम करवून घेतले, त्यांनी करणाऱ्यांना घाई केली नसावी एवढे त्या लाकडाकडे पाहूनच कळते. हल्ली येथील वाडे उतरविले जातात तेव्हा त्यांच्या तुळया व्यापारी घेऊन जातात आणि उरलेसुरले चुलीत जाते. आम्ही त्यातील एक सागवानी तुळई घेतली. ज्या रकमेला मिळाली त्या रकमेला घेतली; पैचीही घासाघीस कोणी केली नाही. हे पुढे उपयोगी पडणार आहे म्हणून नमूद करून ठेवतो.

खुर्ची करण्यासाठी आम्ही एका वाढयास बोलाविले. (आमच्या वऱ्हाडात सुताराला वाढई म्हणतात, हे वसई-मुंबईकडील वाचकांसाठी.) पासष्टीच्या घरातील माणूस. त्यांचे वडील बंडीची चाके करीत. त्यांनी तुळईवरून तळहात फिरवला, सांडशीने एक एक जुना खिळा उपसला आणि मगच ती आरागिरणीवर नेऊ दिली, कारण एक खिळा आत राहिला तर पाते जाते. तुळई उभी चिरली तेव्हा तिच्या एका टोकाचे लाकूड पाहून आम्ही उद्‌गारलो, ‘‘वा! हेच सगळीकडे वापरू या.’’ जेथे बुंध्याला फांदी फुटते त्या दुबेळक्याजवळचा तो भाग होता. दोन बाजूंचे तंतू तेथे एकमेकांत शिरून पिसाऱ्यासारखी नक्षी उमटली होती.

‘‘पायाले हे चालत नाही, फादर,’’ मिस्त्री म्हणाले. ‘‘दिसाले चांगलं, पण जोर पडला का तुटते.’’

आम्ही सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकलो. लाकडाचे हे साधे तत्त्व मात्र आम्हास ठाऊक नव्हते. नक्षी म्हणजे तंतूंचा सरळपणा मोडलेला असणे. जेथे रेषा वळते, फिरते, उलटते, तेथे लाकूड देखणे होते आणि तेथेच ते ओझ्याला कच्चे होते. म्हणून नक्षीचे लाकूड पाठीच्या फळ्यांना आणि हातांना. पाय आणि खालच्या वक्र पट्ट्या सरळ रेषेच्या लाकडाच्या. त्यातही नक्षीच्या लाकडावर रंधा चालविणे म्हणजे सत्त्वपरीक्षा. दर बोटभर अंतरावर तंतूंची दिशा बदलते, आणि उलट दिशेने पाते गेले की ढलपी उचकटते. सागात तेल असते म्हणून वाळवी त्याच्या वाटेस सहसा जात नाही, परंतु त्यात वाळूसारखा अंशही असतो आणि तो पात्याची धार खातो. आम्ही ओसरीत बसून पाहत असू. अर्धा वेळ रंध्याचा आणि अर्धा वेळ धार लावण्याचा. समितीतील एकांनी हे पाहून ‘‘मिस्त्री दगडावरच जास्त बसतात’’ असा शेरा मारला होता.

आणि झुलती खुर्ची ही साधी खुर्ची नव्हे. चार पायांच्या खुर्चीवर माणूस स्थिर बसतो. येथे त्याचे ओझे क्षणात पुढच्या सांध्यावर, क्षणात मागच्या सांध्यावर जाते. वर्षानुवर्षे, दिवसातून शेकडो वेळा. खिळा अशा हेलकाव्यांत सैल होत जातो. तेथे कुसू आपल्या भोकात ठाकठीकच बसले पाहिजे, आणि जवळजवळ एकही सांधा गुण्यात नसतो, प्रत्येकाचा कोन निराळा. खालच्या दोन वक्र पट्ट्या जुळ्या भावांसारख्या हव्यात. एकीत सुताचा फरक पडला तरी खुर्ची डोलता डोलता तिरपी चालू लागते. त्यांचा बाक किती असावा? मिस्त्रींनी ओसरीच्या फरशीवर खिळा धरला, त्याला साडेतीन फुटांची दोरी बांधली आणि खडूने कमान ओढली. बाक फार तोकडा झाला तर बसणारा उलथेल, फार लांबट झाला तर खुर्ची जागची हलणार नाही. ज्या वर्तुळाचा तो तुकडा, त्याचा मध्य बसलेल्या माणसाच्या भारकेंद्राच्या वर राहिला पाहिजे, हे पदार्थविज्ञान आम्ही नंतर पुस्तकात पाहून ताडून घेतले. मिस्त्रींना ते चाकावरून ठाऊक होते. तुंबा, आरे, पाटे आणि वरची लोखंडी धाव जुळविणाऱ्या घरात वाढलेल्या माणसाला वर्तुळाचा तुकडा अवघड नव्हता. रुंद फळीतून कमान कापली तर टोकाशी तंतू आडवे तुटतात, म्हणून त्यांनी पातळ पट्ट्या चिरून, वाकवून, एकावर एक चिकटवून ती घडविली. बैठक सुती नवारीची, विणलेली. शेवटी जवसाचे तेल आणि त्यावर लाखेचे पॉलिश.

या कामास २२ दिवस लागले. हिशेब समितीपुढे आला. तुळईची रक्कम एका वाक्यात मंजूर झाली. मग मजुरी. ‘‘खुर्चीला कोठे बावीस दिवस लागतात?’’ ‘‘निम्मा वेळ तर धार लावण्यात गेला.’’ ‘‘देवाच्या कामात थोडी सूट द्यावी त्यांनी.’’ अखेर सोळा दिवसांची मजुरी ठरली. मिस्त्रींनी काही न बोलता ती घेतली. त्या कागदावर अध्यक्ष म्हणून आमची स्वाक्षरी आहे.

आता आम्हास ठाऊक आहे की हे वाचून काही जण म्हणतील, फादर भावनावश झाले आहेत; हाताचे काम महाग, यंत्राचे स्वस्त, हा जगाचा व्यवहार आहे. आम्ही यंत्राचे वैरी नाही. केनेडींची खुर्चीही उत्तर कॅरोलिनातील एका कारखान्यात झालेली होती. ओक लाकडाची, अस्सल आणि टिकाऊ. आमची तक्रार लबाडीविरुद्ध आहे. छापील रेषांचा तक्ता पहिल्या पावसाळ्यात भिंतीची ओल पिऊन फुगतो, स्क्रू धरीत नाही, दुरुस्तही होत नाही; आणि तरी आम्ही त्यास ‘स्वस्त’ म्हणतो. परवडत नाही म्हणणारी घरे लग्नाच्या मंडपावर आणि बॅण्डवर किती खर्चतात ते आम्ही पाहतो, कारण ती लग्ने आम्हीच लावतो.

कोणी जंगलाचा कैवार घेऊन म्हणतात, लाकूडच नको. हा आक्षेप प्रामाणिक असेल तर आदरणीय आहे. साग तोडण्यास १९६४ च्या कायद्यानुसार परवानगी लागते आणि लागावीच. परंतु उतरविलेल्या वाड्याची तुळई चुलीत घालून कोणते जंगल वाचते? शिवाय वऱ्हाड-विदर्भातील आम्हा लोकांचे एक नवल आहे. परतवाड्याच्या आगारात मेळघाटचा साग लिलावाला येतो. २०२३ साली उद्‌घाटन झालेल्या नव्या संसद भवनाला सागवान गेले ते नागपुराहून. अयोध्येच्या मंदिराची दारे झाली ती बल्लारपूरच्या सागाची. ज्याची थोरवी दिल्लीस कळते, त्याच्या प्रदेशातील आम्ही मात्र प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून मोबाइलवर लाकडाचे चित्र निवडतो.

अमेरिकेत सॅम मलूफ नावाचे एक सुतार होऊन गेले (१९१६–२००९). लेबनॉनहून आलेल्या कुटुंबात जन्मलेले, सुतारकाम स्वतःच शिकलेले. त्यांची झुलती खुर्ची जगप्रसिद्ध. अक्रोडाच्या नक्षीदार लाकडाची, सांधे घासून असे मिसळलेले की एक भाग कोठे संपतो आणि दुसरा कोठे सुरू होतो ते बोटाला कळू नये. तिचा कारखानी साचा काढण्याचे प्रस्ताव त्यांनी नाकारले आणि मोजक्या मदतनिसांसह हातानेच खुर्च्या घडविल्या. १९८५ साली मॅकआर्थर प्रतिष्ठानने त्यांना सन्मानवृत्ती दिली. त्यांची खुर्ची व्हाइट हाऊसमध्ये पोहोचली. दुसरे जॉर्ज नाकाशिमा. जपानी वंशाचे वास्तुशिल्पी, पाँडिचेरीच्या अरविंदाश्रमातील ‘गोलकोंड’ इमारतीचे काम पाहण्यासाठी १९३० च्या दशकात भारतात राहिलेले. १९४२ साली अमेरिकेने त्यांना कुटुंबासह छावणीत डांबले, तेथेच एका जपानी सुताराकडून ते हात शिकले. पुढे १९६४ मध्ये अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत येऊन त्यांनी लाकडी सामानाचे आराखडे केले. ते कॅथलिक होते, क्योतोतील कात्सुरा येथील चर्च त्यांच्या आराखड्याचे आहे. लाकडाला तडा गेला तर ते तो लपवीत नसत. फुलपाखराच्या आकाराची पाचर बसवून तसाच डोळ्यांपुढे ठेवीत. आमच्या खुर्चीच्या एका हाताला केसाएवढा तडा होता तेव्हा समितीने मिस्त्रींना विचारले, ‘‘लांबी भरून रंग का देत नाही?’’

हे दोघे मोठे कारागीर होते यात शंका नाही. परंतु त्यांच्या भोवती दिवस न मोजता दाम देणारे गिऱ्हाईकही होते. कारंज्याच्या मंदिरातील कोरीवकामालाही कोणे एके काळी तसेच गिऱ्हाईक लाभले असेल. कारागीर संपत चालले म्हणून आपण हळहळतो. गिऱ्हाईक म्हणून आपण कसे वागलो हे कोणी विचारत नाही. मिस्त्रींचा मुलगा अमरावतीस ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या बसवितो. त्यास रंधा का शिकविला नाही, असे आम्ही भाबडेपणाने विचारले होते. मिस्त्री नुसते हसले. त्या वेळी हिशेब व्हायचा होता. ते का हसले हे आम्हास नंतर कळले.

आणि आपण तर सुताराच्या घरातील प्रभूचे अनुयायी म्हणवितो. दुसऱ्या शतकातील संत जस्टिन लिहितात की प्रभू नांगर आणि जू तयार करीत असे. बारावे पायस यांनी १९५५ साली १ मे हा कामगार संत योसेफाचा सण ठरविला. त्या दिवशी आपण त्याच्या हातातील गुण्याला आणि करवतीला हार घालतो. याकोबाच्या पत्राचा पाचवा अध्याय अडवून ठेवलेल्या मजुरीविषयी काय म्हणतो ते समितीतील प्रत्येकाने घरी जाऊन वाचावे. आम्ही स्वाक्षरी करण्यापूर्वी वाचले नाही, हा आमचा कबुलीजबाब.

खुर्ची बाईंच्या घरी आहे. त्या तीत बसून जपमाळ करतात आणि दुपारी तेथेच त्यांना डुलकी लागते, असे त्यांनीच सांगितले. उरलेल्या सहा दिवसांचे पैसे घेऊन आम्ही मिस्त्रींकडे गेलो होतो. त्यांनी पाकिटाकडे पाहिले आणि विचारले, ‘‘हे समितीचे का तुमचे?’’ आमचे म्हटल्यावर ते परत केले. ‘‘काम समितीनं दिलं होतं, फादर.’’

येत्या रविवारी मिस्सेनंतर समितीची बैठक आहे. विषयपत्रिकेत पहिला विषय आम्ही स्वहस्ते लिहिला आहे: सहा दिवसांची मजुरी. त्या दुबेळक्याच्या लाकडाची एक फळी अजून आमच्या ओसरीत भिंतीला टेकून उभी आहे. ती बैठकीच्या टेबलावर ठेवू.