फोटोखालची ओळ कोण लिहिणार?

जुन्या मुंबईच्या छायाचित्रांखाली ‘मुंबईतील एक कापडगिरणी, अंदाजे १९३०’ अशा छापाच्या ओळी वाचायची आपल्याला सवय झाली आहे. गिरणी कोणती, रस्ता कोणता, तो अंदाज तरी कशावरून बांधला, यातले काहीच तिथे सापडत नाही. हा झाला ग्रंथांचा आणि संग्रहांचा सोवळा आळस. मोबाइलवर फिरणाऱ्या फोटोंचे दुखणे उलटे आहे. तिथे प्रत्येक फोटोला छातीठोक नाव असते. लालबागचा नाका परळला जातो, परळचा पूल करी रोडला जातो आणि शंभर जणांनी पुढे ढकलला की तोच इतिहास ठरतो. गिरणगावाची छायाचित्रे आज पूर्वी कधी नव्हती इतकी लोकांच्या हाताशी आहेत. ती नेमकी कुठली, हे सांगू शकणारी माणसे मात्र दरवर्षी कमी होत आहेत.

फोटो ओळखण्याचे हे काम हौशी मंडळींच्या आठवणींचे आणि उसाशांचे म्हणून सोडून देणे बरोबर नाही. जमिनीच्या नोंदी जपण्याइतकेच ते जबाबदारीचे आहे, आणि त्याला मुदत आहे.

कावसजी नानाभाई दावर यांची ताडदेवची गिरणी १८५६ मध्ये सुरू झाली. तेव्हापासून सव्वाशे वर्षे मुंबईच्या मधल्या पट्ट्याला आकार दिला तो गिरण्यांनी. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले आणि तो संप रीतसर कधी मिटलाच नाही. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने गिरण्यांच्या जमिनीचे तीन वाटे ठरवले: मोकळ्या जागांसाठी महापालिकेला, घरांसाठी म्हाडाला आणि उरलेला मालकाला. २००१ च्या दुरुस्तीने ही वाटणी फक्त रिकाम्या जमिनीपुरती उरवली आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती ग्राह्य धरली. फिनिक्स मिलचा मॉल झाला, श्रीनिवास मिलच्या जागी वर्ल्ड वन उभा राहिला, दादरच्या कोहिनूर मिलच्या जागी कोहिनूर स्क्वेअर आला. इतर शहरांत जुन्या खुणा एकेक करून जातात. इथे त्या आख्ख्या भूखंडासकट गेल्या. फोटो हातात घेऊन जागेवर जायचे आणि ताडून पाहायचे, ही ओळख पटवण्याची सर्वांत सोपी रीत. गिरणगावात ती बहुतेक ठिकाणी बाद झाली आहे.

अशा वेळी सगळे धाव घेतात ती चिमणीकडे, आणि तिथेच फसतात. गिरणीची चिमणी ही ओळखीची सर्वांत कच्ची खूण आहे. एकाच घडणीच्या विटांच्या डझनभर चिमण्या एका फोटोत मावत असत. त्यांतली कुठली कोणाची हे नुसत्या आकारावरून सांगणे धाडसाचेच. धुराचेही तेच. खोपोलीच्या जलविद्युत केंद्रातून १९१५ पासून टाटांची वीज मुंबईत येऊ लागली आणि गिरण्या हळूहळू वाफेवरून विजेवर गेल्या. म्हणून धूर दिसला की फोटो त्याआधीचा, असा निष्कर्ष काढणारे भेटतात. पण सुताला खळ द्यायला आणि कापडाच्या रंगाईला वाफ लागतच होती. बॉयलर पुढेही पेटतच राहिले. आज फिनिक्सच्या आवारात शोभेला राखलेली चिमणी पाहून गिरणगाव कळले असे ज्यांना वाटते, त्यांची फसगत याच जातीची आहे.

खऱ्या खुणा छायाचित्रकाराने टिपायचे ठरवलेल्या नसतात. त्या चौकटीत आपोआप शिरलेल्या असतात. विणाईच्या शेडचे करवतीच्या दात्यांसारखे छप्पर घ्या. त्याच्या उभ्या बाजूची काच साधारणपणे उत्तरेकडे असे, म्हणजे साच्यांवर (मागांवर) थेट ऊन न पडता एकसारखा उजेड पडे. तेवढ्यावरून फोटोतल्या दिशा लागतात आणि सावलीवरून प्रहर. रेल्वेचे दोन मार्ग गिरण्या गेल्या तरी जागेवर आहेत. रूळ दिसले, की तपास तिथून सुरू करावा. रस्त्यात विजेची ट्राम असेल तर फोटो ७ मे १९०७ ते ३१ मार्च १९६४ या काळातला. मागे बीडीडी चाळ दिसली तर तो १९२० च्या आधीचा असू शकत नाही. या चाळीही आता पुनर्विकासासाठी पाडल्या जात आहेत, म्हणजे कालनिर्णयाची तीही मोजपट्टी जाते आहे. दुकानाच्या पाटीवर सहा आकडी पिनकोड असेल तर फोटो १५ ऑगस्ट १९७२ नंतरचा. नुसते ‘मुंबई १२’ असेल तर मात्र काहीच सिद्ध होत नाही. लोक पुढेही वर्षानुवर्षे तसेच लिहीत होते. फाटकावर नॅशनल टेक्स्टाइल कॉर्पोरेशनची पाटी असेल तर राष्ट्रीयीकरणाचा १९७४ चा कायदा आणि १९८३ मध्ये सरकारने ताब्यात घेतलेल्या मुंबईच्या आणखी १३ गिरण्या, या दोन याद्या समोर ठेवून शोध आवाक्यात येतो. आणि बसचा दरवाजा उजवीकडे दिसला तर बाकी सगळे बाजूला ठेवून आधी निगेटिव्ह उलटी छापली आहे का ते पाहावे.

हे सगळे शिकता येते, शिकवता येते. पण या रीतीने आपण फार तर दशक, दिशा आणि गल्लीपर्यंत पोहोचतो. हे कुठले फाटक, साचेखात्याची पाळी सुटायची ते की गोदामाचे? भिंतीलगतची पाण्याची टाकी कोणाची? कोपऱ्यावरच्या खोलीत खानावळ होती की व्यायामशाळा? इथे नकाशा गप्प बसतो आणि माणूस लागतो. गिरणीचा फोटो मालकाने काढवला, वार्ताहराने काढला किंवा परक्या प्रवाशाने काढला. रोज पाळीला त्या फाटकातून आत जाणाऱ्याने तो क्वचितच काढला; पण ओळखणार तोच.

हा माणूस आता मुंबईत असेलच असे नाही. संपानंतर हजारो कुटुंबे सिंधुदुर्ग, रत्नागिरीकडे आणि सातारा, सांगली, कोल्हापूरच्या घाटमाथ्यावर परतली. फोटो फोर्टातल्या कपाटांत राहिले आणि ते ओळखणारे डोळे सावंतवाडी, पाटण, आजऱ्याला गेले. संपात जो वीस वर्षांचा बदली कामगार होता तोही आज साठीच्या पुढे आहे. १९५० च्या दशकातल्या गिरणीत जो पाळीला जात होता तो तर नव्वदीला टेकला; त्याला आपण कधी विचारणार? बायकांना तर जवळपास कोणी विचारलेलेच नाही. वायंडिंग खात्यात काम केलेल्या बायका होत्या, खानावळी चालवणाऱ्या होत्या. याच खानावळवाल्यांना एकत्र आणून प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले. पुरुषाला फाटक आणि युनियनचे ऑफिस आठवते, बाईला नळ, रेशनचे दुकान, दळणाची गिरणी आणि उधारी देणारा वाणी. फोटोच्या कडेला असतात ते नेमके नळ आणि वाणीच.

यातली विसंगती बोचरी आहे. घराच्या सोडतीत नाव यावे म्हणून गिरणी कामगाराला १ जानेवारी १९८२ रोजी किंवा नंतर आपण हजेरीपटावर होतो हे सिद्ध करावे लागते. तिकीट दाखवा, पगाराची पावती दाखवा, विम्याचे कार्ड दाखवा. त्याच्याकडून कागदाचा कपटाही सोडला जात नाही. तो ज्या गिरणीत राबला तिच्या फोटोखाली मात्र ‘एक कापडगिरणी’ एवढे लिहून भागते. पुरावा मागायचा तो फक्त गरिबाकडे, आणि स्वतःच्या शहराबद्दल लिहिताना अंदाजावर भागवायचे, हा दुटप्पीपणा आहे.

यावर ठरलेला आक्षेप असा, की म्हाताऱ्या माणसांच्या आठवणींचा काय भरवसा? भरवसा ठेवू नयेच, आठवण तपासावी. फोटो दाखवताना आधी नाव सांगू नये. दोघांना वेगवेगळे बसवून विचारावे, कारण चारचौघांत मोठ्या आवाजाच्या माणसाची आठवण सगळ्यांची होते. दोघांचे जुळले तर ते महापालिकेच्या नकाशावर आणि जुन्या पत्त्यांवर ताडावे. जुळले नाही तर ‘ओळख पटलेली नाही’ असे लिहावे. त्यात कमीपणा नाही. मतभेद असेल तर दोन्ही मते छापावीत. नीरा आडारकर आणि मीना मेनन यांनी गिरणगावाच्या मौखिक इतिहासाचे जे पुस्तक २००४ मध्ये केले, त्याने कामगाराचे बोलणे हे इतिहासाचे साधन असते हे दाखवून दिले. तीच शिस्त आता फोटोंना लावायची आहे, एवढेच.

साहित्यही विखुरलेले आहे, नष्ट झालेले नाही. लालबाग, परळ, चिंचपोकळीच्या गणेशोत्सव मंडळांच्या स्मरणिका काढून पाहाव्यात. चिंचपोकळीचे मंडळ १९२० चे, गणेश गल्लीचे १९२८ चे, लालबागच्या राजाचे १९३४ चे. या स्मरणिकांत मिरवणुकीच्या मागे उभे गिरणगाव छापले गेले आहे, तेही वर्षासकट. युनियनच्या कचेऱ्यांत मोर्च्यांचे फोटो आहेत. घराघरांत लग्नाचे अल्बम आहेत, ज्यांत वऱ्हाडामागे गिरणीची भिंत आहे. हे सारे एका जागी आणून, अनोळखी फोटोंशेजारी मांडले तर निम्मे कोडे तिथेच सुटेल.

काळाचौकीला इंडिया युनायटेड मिल क्र. २ आणि ३ च्या आवारात वस्त्रोद्योगाचे संग्रहालय करण्याची महापालिकेची योजना कित्येक वर्षे चर्चेत आहे. तिथे कारंजी, दिवे आणि भित्तिचित्रे होतील तेव्हा होवोत. त्याआधी एक साधे काम करावे. न ओळखलेल्या फोटोंचे मोठ्या आकाराचे संच छापावेत. गणपतीत कोकणात आणि गावच्या जत्रेला घाटावर, सगळे घरी असतात त्या दिवसांत, ते घेऊन कार्यकर्ते पाठवावेत. ओळखणाऱ्याला त्याच्या दिवसाचे मानधन द्यावे. तज्ज्ञ म्हणून बोलावलेल्या प्राध्यापकाला देतो तसेच, कारण इथे तज्ज्ञ तोच आहे. आणि त्याची हरकत नसेल तर फोटोखाली छायाचित्रकाराच्या नावाबरोबर ओळख पटवणाऱ्याचे नाव, त्याचे खाते आणि त्याने काम केलेली वर्षे छापावीत.

याला जमीन लागत नाही, नियमावलीत दुरुस्ती लागत नाही, कोर्टात जावे लागत नाही. एखाद्या उद्घाटनाच्या मांडवाला जेवढा खर्च येतो तेवढ्यात पहिल्या वर्षाचे काम होईल. संग्रहालयाची इमारत आणखी पाच वर्षे रखडली तरी ती कधीतरी उभी राहील. हे काम पाच वर्षे रखडले, तर ते करायला विचारण्याजोगे कोणी उरलेले नसेल.