चक्रीवादळानंतर चर्चची दुरुस्ती: आधी छप्पर बांधा, मग रंग लावा!

अमेरिकेत चक्रीवादळ ओसरले की पडझड झालेल्या चर्चच्या दारात स्वयंसेवक जमतात. चिखल काढणे, भिजलेल्या भिंती उकलणे, छतावर ताडपत्री टाकणे अशी कामे सुरू होतात. त्यांचे कौतुक आहेच, पण तेवढे पुरेसे नाही.

२५ ऑगस्ट २०१७ रोजी 'हार्वे' वादळ टेक्सासमधील रॉकपोर्टजवळ धडकले. वाऱ्याचा वेग होता ताशी सुमारे २१० किमी.

छप्पर का उडते?
वेग दुप्पट झाला की वाऱ्याचा जोर चौपट होतो. हा जोर छपराला वर खेचतो. त्यामुळे वासे भिंतीला घट्ट धरून ठेवणाऱ्या लोखंडी पट्ट्या महत्त्वाच्या. छत उघडे असतानाच त्या बसवणे सोपे. आतून फॉल्स सीलिंग लागले की संधी गेली!

पैसा कोण देणार?
प्रार्थनास्थळांना 'फेमा' या सरकारी संस्थेची दुरुस्ती-मदत मिळणे पूर्वी कठीण होते. टेक्सासमधील तीन चर्च कोर्टात गेली आणि जानेवारी २०१८ मध्ये नियम बदलला. पात्र खर्चाचा किमान ७५ टक्के वाटा केंद्र सरकार उचलते. उरलेल्या वाट्यात स्वयंसेवकांच्या श्रमाचे मूल्य धरता येते, मात्र तासांची नोंद हवी.

म्हणूनच आमचे मत स्पष्ट आहे. हातोड्याइतकीच हजेरीवही गरजेची आणि पहिल्याच दिवशी सोबत एक इंजिनीअर हवा. जसे होते तसेच बांधले, तर पुढच्या वादळानंतर तेच हात पुन्हा तोच चिखल उपसतील.