गाणं कसं सुचलं, हे विचारायचं कसं?



कविता शिकवून झाली की आपण एक प्रश्न हमखास विचारतो, "कवीला ही कविता कशी सुचली असेल?" उत्तरही ठरलेलं असतं. निसर्गापासून प्रेरणा मिळाली. कविता पावसाची असो, आईची असो की झाडाची, मुलं तेच लिहितात आणि आपण बरोबरची खूण करून पुढच्या वहीकडे वळतो. कवी काही वर्गात बसलेला नसतो. "बाबांनो, तसं काही नव्हतं" असं म्हणायला तो येणार कुठून?

पण गाणं रचणारी माणसं आपल्या गावात असतात की. आमच्या टेंभुर्णीचंच घ्या. ओव्या येणाऱ्या चार-दोन म्हाताऱ्या अजून आहेत. एकादशीला रात्र जागवणारी भजनी मंडळी आहेत. राजूरच्या गणपतीला पायी जाताना चालता चालता नवं कडवं जोडणारा एखादा असतोच. चौदा एप्रिल जवळ आला की चाली बसवत बसणारी पोरं असतात. सकाळी वासुदेव येऊन जातो, लग्नाघरी गोंधळी येतात. यांना मात्र कुणीच विचारत नाही की हे तुम्हाला सुचलं कसं. माझं म्हणणं एवढंच आहे की पुस्तकातला तो प्रश्न उचलून या माणसांच्या ओट्यावर न्यावा. आणि नेताना 'प्रेरणा' हा शब्द शाळेतच ठेवून जावा.

का, ते सांगते. चौथीच्या मुलांना घेऊन मी शाळेजवळच्या एका आजींकडे गेले होते. मुलांनी प्रश्न स्वतःच लिहून आणले होते, टीव्हीवर मुलाखती बघून असतील. पहिला प्रश्न होता, "आजी, तुमची प्रेरणा कोण?" आजींनी थोडा विचार केला आणि म्हणाल्या, "प्रेरणा? ह्या गल्लीत तर त्या नावाची कुणी नाही बाई. वरल्या आळीत पाहा."

पोरं खूप हसली. आजीही हसल्या, आणि मग सगळे गप्प. पुढचे प्रश्नही त्याच जातीचे होते, 'आपला आवडता विषय', 'आपला नव्या पिढीला संदेश'. तेवढ्यात मागे बसलेल्या एका मुलीनं वहीत नसलेला प्रश्न विचारला, "आजी, दळायला किती वाजता उठायचात?"

तिथून पुढे चाळीस मिनिटं आजी बोलत होत्या. "येळ कशाची पोरी, घड्याळ कुठं व्हतं? चांदणी वर आली का उठायचं. एका अंगाला मी, एका अंगाला जाऊ. सासू पडवीत निजेल राहायची. तिच्या कानावर जावं वाटे ते मोठ्यानं म्हणायचं, नाही जावं वाटे ते बारीक." हे शेवटचं वाक्य मला फार मोलाचं वाटलं. आवाज कुठे चढवायचा आणि कुठे उतरवायचा हे त्या गाण्यात का ठरलं होतं, ते याहून नेमकं कुणी सांगू शकेल असं मला नाही वाटत. मग त्यांनी एका सालची गोष्ट सांगितली. त्या साली पंचमीला भाऊ मुराळी आलाच नाही. शेतात निंदणं चालू होतं म्हणे. भावावरच्या त्यांच्या सगळ्यात जास्त ओव्या त्याच सालच्या. त्या मुलीनं नंतर वहीत लिहिलं होतं, "आजीने भावावर ओवी केली कारण भाऊ आला नाही." 'निसर्गापासून प्रेरणा मिळाली' या वाक्यापेक्षा हे वाक्य कितीतरी खरं आहे, हो ना?

म्हणजे आजींना सांगता येत नव्हतं असं मुळीच नाही. त्यांना कामाविषयी विचारायला हवं होतं. त्यांच्या लेखी गाणं हे वेगळं काढून ठेवलेलं काही नव्हतंच. ते जात्याच्या खुंट्यालाच बांधलेलं होतं. आणि हे आजचं नाही. बाराव्या शतकात चालुक्य राजा सोमेश्वर यानं 'मानसोल्लास' नावाचा संस्कृत ग्रंथ लिहवला. त्यात महाराष्ट्रातल्या बायका कांडताना ओवी गातात असा उल्लेख आहे. जवळजवळ नऊशे वर्षांपूर्वी परक्या भाषेत लिहितानासुद्धा ओवीची ओळख कामासकट करून द्यावी लागली. आपल्या गंगाखेडच्या जनाबाईंचं तरी काय? दळण, कांडण, झाडलोट, शेण्या हे सगळं त्यांच्या अभंगांतच आहे. त्यांना वेगळी मुलाखत द्यायची गरजच पडली नाही.

ही विचारपूस फार मोठ्या प्रमाणावर झालेली आहे, आणि आपल्याच राज्यात. पुण्याच्या हेमा राईरकर आणि मूळचे फ्रान्सचे गी पॉइतवाँ या दोघांनी सहकाऱ्यांसोबत गावोगाव फिरून जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. आता त्या 'पारी' म्हणजे 'पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडिया'च्या संकेतस्थळावर टप्प्याटप्प्यानं येत आहेत, पुष्कळ ओव्या आवाजासकट. तुम्ही ऐकल्या नसतील तर एका रविवारी नक्की ऐका. मराठवाड्यातल्या पुष्कळ आहेत. परभणी जिल्ह्यातल्या ताडकळसच्या गंगूबाई अंबोरे सीतेच्या वनवासाच्या ओव्या गातात. नवऱ्याचं घर सुटलेलं, गावातल्या देवळात राहणं, असं त्यांचं आयुष्य होतं. एवढं कळल्यावर ती सीता रामायणातली राहत नाही. बीड जिल्ह्यातल्या माजलगावच्या भीमनगरात १९९६ साली राधाबाई बोऱ्हाडे आणि त्यांच्या सोबतिणींनी ओव्या गायल्या, त्या बाबासाहेबांवरच्या आणि रमाईवरच्या. चाल जात्याचीच. भावाचं, लेकाचं कौतुक ज्या तोंडानं करायचं, त्याच तोंडानं बाबासाहेबांचं. कुणी सांगितलं होतं त्यांना असं करायला? कुणीच नाही. घरचं माणूस वाटलं म्हणून ते ओवीत आलं.

आता शिकवणाऱ्या माणसानं आवर्जून सांगावी अशी गोष्ट वामनदादा कर्डकांची. वामनदादा सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे, जन्म १५ ऑगस्ट १९२२. मुंबईत शिवडीच्या बीडीडी चाळीत राहत, मिळेल ते काम करत. शाळा नाही. एकदा कुणीतरी त्यांच्याकडे पत्र वाचायला दिलं आणि त्यांना वाचता येईना. त्याचं त्यांना इतकं लागलं की ते रडले. पुढे देहलवी नावाच्या मास्तरांनी त्यांना अक्षरं शिकवली, आणि जोडाक्षरं त्यांनी दुकानांच्या पाट्या वाचत वाचत पक्की केली. पहिलं गाणं १९४३ सालच्या मे महिन्यातलं, तेही हिंदी सिनेमातल्या एका गाण्याचं विडंबन! चाळीतल्या लोकांना ते आवडलं. मग बाबासाहेबांचा विचार गाण्यातून सांगायचा हे ठरलं आणि २००४ साली जाईपर्यंत ते गावोगाव फिरत लिहीत-गात राहिले. आजही आपल्याकडे जयंतीला त्यांची गाणी वाजतात, वाजवणाऱ्या पोरांना कधी कधी ठाऊकही नसतं की ती कुणाची.

ही गोष्ट स्वतः वामनदादा सांगत असत, म्हणूनच ती आपल्यापर्यंत आली. त्यात 'मला लहानपणापासून साहित्याची आवड होती' असलं काही नाही. एक न वाचता आलेलं पत्र, एक मास्तर, दुकानाच्या पाट्या आणि एक सिनेमाचं गाणं. तिसरीतल्या ज्या मुलाला जोडाक्षरं अडतात, त्याला मी ही गोष्ट सांगते. बाजारच्या दिवशी पाट्या वाचत ये म्हणते. येतात वाचत. 'कृषी सेवा केंद्र' आमच्या वर्गात सगळ्यांना बिनचूक लिहिता येतं.

गाण्यामागचं कारण कळलं की कधी कधी अर्थच पालटतो. अण्णा भाऊ साठ्यांची 'माझी मैना' ही छक्कड घ्या. मोठ्यांनाही ती गावाकडे राहिलेल्या बायकोची आठवण वाटते, आणि वरवर ती तशीच आहे. पण ती संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीतली आहे, आणि बेळगाव, कारवार, निपाणी महाराष्ट्राबाहेर राहिल्याचं दुःख तिच्यात आहे. विरहाची लावणी लोकांच्या कानाला सवयीची होती, शाहिरानं तिच्यातच नकाशा बसवला. सातवी-आठवीला शिकवणाऱ्यांनी हे नकाशा भिंतीवर लावूनच शिकवावं, असं मी सुचवीन.

काही पालक मला विचारतात, आणि रागानं नाही तर काळजीनंच विचारतात, "मॅडम, याच्यावर परीक्षेत प्रश्न येतो का? नवोदय आहे, शिष्यवृत्ती आहे." नाही येत. पण ऐकून समजणं, नेमका प्रश्न विचारणं आणि ऐकलेलं आपल्या शब्दांत लिहिणं हेच तर 'निपुण'मध्येही तपासतात. शिवाय आनंददायी शनिवार आहेच. त्या दिवशी कागदाची फुलं करण्यापेक्षा हे कितीतरी बरं.

माझी खरी काळजी वेगळी आहे, आणि तिथे आपण शिक्षकांनी फार जपायला हवं. आपल्याकडे कोण काय वाजवतो यावरून घर ओळखलं जातं. हलगी म्हटली की एक वस्ती डोळ्यांपुढे येते, संबळ म्हटलं की दुसरी. वर्गात सहज म्हणून कुणी बोलून जातं, "अरे, तुझे वडील हलगी वाजवतात ना? वाजव बरं जरा." म्हणणाऱ्याच्या मनात कौतुकच असतं. पण त्या मुलानं जी ओळख शाळेच्या दाराबाहेर ठेवलेली असते, ती तुम्ही सगळ्यांसमोर त्याच्या गळ्यात घातलेली असते. काही मुलं अशा वेळी सरळ "नाही येत" म्हणतात. घरी सुरेख वाजवत असतात, तरीही. ते खोटं बोलत नाहीत, ते स्वतःला वाचवत असतात. त्यावर "लाजतोस काय?" असं तर चुकूनही म्हणू नये.

म्हणून मुलाला नाही, वाजवणाऱ्या मोठ्या माणसाला बोलवावं, आणि पाहुण्यासारखं बोलवावं. मुख्याध्यापकांच्या शेजारची खुर्ची द्यावी, पालक म्हणून नव्हे तर जाणकार म्हणून ओळख करून द्यावी, आणि एका दिवसाची मजुरी बुडते तर मानधन द्यावं. शाल-नारळानं रोज भरून निघत नाही. आणि एकाच वस्तीतलं कुणाला बोलावून थांबू नये. भजनातला पखवाज, तांड्यावर होळीला म्हणतात ती लेंगी, मोहल्ल्यातली कव्वाली, भीमगीतं, भारूड, सगळ्यांची पाळी आली की मग हलगी ही एका घराची खूण राहत नाही, वाद्यांतलं एक वाद्य होते. तेव्हा त्या मुलाला वाटलं तर तो आपणहून सांगेल की हे माझे बाबा. नाही सांगितलं तरी त्याची मर्जी.

प्रश्नही त्या माणसाला उत्तर देता येईल असे असावेत. हलगी तापवायची कशावर आणि किती वेळ? पावसाळ्यात काय करता? हा ठेका कुणाच्या हाताखाली शिकलात? मिरवणुकीतला ठेका आणि मयतीतला ठेका वेगळा का? असं विचारलं की माणूस वाजवूनच दाखवतो. त्यातलं एखादं उत्तर दुखरं निघालं, "ते काम गावानं आमच्याकडं लावून दिलं होतं" असं निघालं, तर घाईनं विषय बदलू नका. चौथीच्या मुलांना तेवढं कळतं. त्यांना न कळणारं असतं ते आपलं मध्येच खोकणं आणि "चला, टाळ्या वाजवा" म्हणणं.

घाई करावी लागेल ती दुसऱ्या कारणासाठी. आमच्याकडे पिठाच्या गिरण्या येऊन किती वर्षं झाली! सोंगणीला हार्वेस्टर येतं, तिथे रांगेतली भलरी कुणी म्हणायची? काम गेलं की गाणं उरतं ते फक्त ज्यांनी ते काम केलं त्यांच्याकडे, आणि ती माणसं आता सत्तरीच्या पुढची आहेत. आपल्या प्रत्येकाच्या हातात मोबाइल आहे. रेकॉर्ड करण्याआधी विचारा, आणि गावाच्या ग्रुपवर टाकायचं असेल तर ते वेगळं विचारा. आमच्या आजींनी रेकॉर्डिंगला हो म्हटलं आणि ग्रुपला साफ नाही म्हटलं, कारण सुना ऐकतील! फाइलला 'ऑडिओ ००१७' असं राहू देऊ नका. गाणाऱ्याचं नाव, गाव, तारीख लिहा, आणि जमलं तर आणखी एक ओळ, की हे गाणं म्हणताना हात कुठल्या कामात असायचे.